हिरवा दिवा लागेपर्यंत

नवरा दातांचा डॉक्टर होता आणि बाजारात नवीन काही आलं की ते खास आपल्याच घरासाठी आलंय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बैठकीच्या खोलीत हाक मारल्यावर लागणारा दिवा होता. तो तिसऱ्या हाकेला लागायचा, तोवर माणूस उठून बटणापर्यंत पोचलेला असायचा. मनगटावरचं घड्याळ दर तासाला त्याला ‘आता थोडं उभं राहा’ असं सुचवायचं, आणि हा दिवसभर लोकांच्या जबड्यांवर वाकून उभाच. खिडकीतल्या कुंडीत खोचलेली एक सुई होती. झाडाला तहान लागली की ती फोनवर निरोप पाठवायची. झाड मागच्याच वर्षी वाळून गेलं, पण सुईचे निरोप अजून येत होते आणि नवरा ते वाचून नेमाने ‘पाहिले’ असं दाबत होता.

बायको हे सगळं बघायची आणि नाक मुरडायची. तिला तो अधिकार होता. या असल्याच वस्तूंच्या खोक्यांत ज्या माहितीपुस्तिका येतात, त्या ती भाषांतरित करायची. एकोणीस वर्षं तिने हेच केलं होतं. किटली, पंखे, छपाईयंत्रं, कानात घालायची बोंडं, लहान मुलांवर नजर ठेवणारे कॅमेरे. मूळ मजकूर लिहिणाऱ्यांना कुठलीच भाषा धड येत नाही, हे तिचं पहिलं मत. पुस्तिका विकत घेणारा माणूस ती थर्माकोलबरोबर फेकून देतो, हे दुसरं. या दोन मतांच्या मध्ये ती बसून काम करायची आणि त्या कामाविषयी तिला जे वाटायचं त्याला आदर म्हणणं कठीण होतं.

“यात तुझं नाव छापतात का गं?” नवऱ्याने एकदा विचारलं होतं.

“असल्या कागदावर कोण सही करतं?” ती म्हणाली होती.

घरात तिसरं माणूस सासूबाई. ऐंशीला एक कमी. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची दहा पर्यवेक्षक म्हणून. आवाज अजून खणखणीत, शब्द न् शब्द वेगळा. आणि त्या पुस्तिका वाचायच्या. घरात खोकं उघडलं की मुलगा वस्तू उचलायचा आणि सासूबाई पुस्तिका. भिंग घ्यायच्या, खिडकीशी बसायच्या आणि ‘अभिनंदन’पासून मागच्या पानावरच्या पुनर्वापराच्या चिन्हापर्यंत सगळं वाचून काढायच्या. सून मनात म्हणायची, काही म्हातारी माणसं औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचतात, तशातलाच हा प्रकार. वेळ जात नाही, दुसरं काय. सासूबाईंना ती वाचक म्हणून धरतच नव्हती.

तिचा स्वतःचा संगणक मात्र जुना होता. आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेलेली, सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की मधल्या वेळात चहा होऊन जायचा. पण तो तिला काही सुचवायला जात नव्हता, म्हणून ती त्याला खपवून घ्यायची. मग कंपनीने नवीन प्रणाली आणली. आता म्हणे प्रत्येक भाषांतरकाराने हिच्यातच काम करायचं. प्रणालीचं नाव ‘सहायक’. हा सहायक काय करायचा, तर मूळ वाक्य समोर आलं की तसलंच वाक्य आधी कोणी कुठे केलं असेल ते शोधून आणून पुढ्यात टाकायचा. पसंत असेल तर ‘मान्य’ची कळ दाबायची, की झालं. कोपऱ्यात एक आकडा दिसायचा : तासाला किती वाक्यं. आकडा घसरला की तो लाल व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी प्रकल्पप्रमुखाचा गोड निरोप यायचा, ‘सगळं ठीक ना?’

पहिले आठ दिवस ती सहायकाशी भांडली. ‘झाकण घट्ट लावा’ या वाक्याला त्याने कुठल्याशा खेळण्याच्या पुस्तिकेतलं ‘डोकं घट्ट लावा’ आणून दिलं, तेव्हा तिने ते फोनवर मैत्रिणीला वाचून दाखवलं आणि दोघी हसल्या. पण आकडा लाल तो लालच राहिला. नवव्या दिवसापासून ती ‘मान्य’ दाबायला लागली. आधी वाचून, मग अर्धवट वाचून. शेवटी शेवटी तर डावा हात कपावर आणि उजव्या हाताचं एक बोट कळीवर. कोण वाचणार आहे? ढकल पुढे.

चार महिन्यांनी नवरा कुलूप घेऊन आला.

“गॅलरीच्या दारासाठी,” त्याने सांगितलं. “फोनवरून चालतं.”

“आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो,” ती म्हणाली.

“म्हणूनच. तिकडून कोणी येईल असं कोणाला वाटतच नाही.”

इमारत उभी राहिल्यापासून त्या गॅलरीत कबुतरांखेरीज कोणी वर चढून आलेलं नव्हतं. पण रविवारची सकाळ घालवून, जुनी कडी काढून टाकून, नवऱ्याने ते कुलूप सरकत्या काचेच्या दारावर बसवलं. आतून एक बटण, बाहेरून एक बटण. दार सरकवलं की आपलं आपण बंद व्हायचं. खोकं बघताच तिने ओळखलं. हे आपणच केलंय. पुस्तिका उघडून बघावी असं काही तिला वाटलं नाही. स्वतःच्या हातचं शिळं अन्न कोण मुद्दाम काढून बघतं?

“तुझ्याही फोनमध्ये टाकून देतो,” नवरा म्हणाला.

“माझ्या फोनमध्ये हा कचरा नको.”

“अगं, अडीअडचणीला—”

“दार उघडायला मला अजून हात आहेत.”

सासूबाईंनी पुस्तिका कधीच उचलली होती.

दोन दिवसांनी, मंगळवारी, तिला कंपनीत जावं लागलं. सहायकाची नवी आवृत्ती आली होती, तिचं प्रशिक्षण. बिनखिडकीच्या खोलीत वीस भाषांतरकार बसले होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक बाण इकडून तिकडे उडत होता. प्रकल्पप्रमुख तिच्या निम्म्या वयाची, कानात काहीतरी खोचलेलं, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारी. “आता तुम्हाला ‘मान्य’सुद्धा दाबावं लागणार नाही,” ती आनंदाने म्हणाली. “दहा सेकंद काहीच केलं नाही, तर ते मान्यच धरलं जाईल.” शेजारचे एक वयस्क गृहस्थ कुजबुजले, “म्हणजे आपण मेलो तरी काम चालू राहील.” ती हसली आणि घड्याळाकडे बघायला लागली.

दीडच्या सुमाराला ती घरी आली. चप्पल काढतानाच आवाज ऐकू आला. काचेमागून, लांबून, पण स्वच्छ.

“सूनबाई, मी गॅलरीत आहे. दार उघडत नाही. घाबरू नकोस.”

ती धावली. काचेपलीकडे सासूबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दोरीवरचा टॉवेल पाण्यात भिजवून डोक्यावर घेतलेला. झाडांना घालायच्या बादलीतलं पाणी तेवढं त्यांच्याजवळ होतं. ऊन सगळ्या फरशीवर पसरलेलं. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. अकरापासून त्या तिथे होत्या. फोन आत टेबलावर होता. खालून जाणाऱ्या तिघांना त्यांनी हाक मारली होती. तिघांच्याही कानांत काहीबाही खोचलेलं होतं.

तिने आतलं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटणाभोवती एक बारीक हिरवं वर्तुळ शांतपणे पेटलेलं होतं, जणू सगळं कसं छान चाललंय. तिने दार दोन्ही हातांनी ओढलं. दार जागचं हललं नाही.

आणि मग, भीतीने म्हणा किंवा सवयीने म्हणा, तिचा आवाज चढला.

“आई, कशाला हात लावलात तुम्ही? समजत नाही तर कशाला त्या बटणांच्या नादी लागायचं? थांबता आलं नाही का मी येईपर्यंत?”

सासूबाईंनी ऐकून घेतलं. एकतीस वर्षं त्यांनी अनोळखी लोकांचा आरडाओरडा कानाला लावून ऐकला होता. त्या सावकाश उठल्या, वाचायला म्हणून बाहेर आणलेली पुस्तिका उचलली, एक पान उघडलं आणि काचेला टेकवून धरलं. बोट एका ओळीवर ठेवलं. पान चौदा.

‘बाहेरून दार उघडण्यासाठी, हिरवा दिवा लागेपर्यंत बटण दाबून धरा.’

“मी दाबून धरलं,” सासूबाई म्हणाल्या. “हिरवा दिवा लागला.”

तिने ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. ‘हिरवा दिवा लागेपर्यंत’ हे शब्द कुठून आले ते तिला बरोबर माहीत होतं. पाणी तापवायच्या किटलीची पुस्तिका, दोन वर्षांपूर्वीची, तिचीच. ‘पाणी उकळण्यासाठी, हिरवा दिवा लागेपर्यंत बटण दाबून धरा.’ सहायकाने किटली उचलून दारावर आणून ठेवली होती आणि तिने ‘मान्य’ दाबलं होतं. खालच्याच परिच्छेदात बारीक अक्षरांत हेही होतं : दिवा हिरवा झाल्यास दीर्घ गैरहजेरीचं, म्हणजे घर बरेच दिवस बंद राहणार असतानाचं, कुलूप लागतं, मग दोन्ही बटणं बंद, दार फक्त फोनवरून उघडतं. बाहेरून उघडायला बटण फक्त एकदा दाबून सोडायचं, धरायचं नाही, असं मूळ वाक्य होतं. ते आता तिला लख्ख आठवलं. तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

तिने फोन उचलला. दवाखान्यातली मदतनीस म्हणाली, “डॉक्टर पेशंटमध्ये आहेत.”

“मग त्यांना पेशंटमधून बाहेर काढा,” ती म्हणाली.

नवरा आला फोनवर. ऐकून घाबरला, ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणाला. मग सुरू झाला तो तमाशा. फोनमधलं कुलूप म्हणालं, आधी नवीन आवृत्ती घ्या. ती उतरून घ्यायला नऊ मिनिटं. मग म्हणालं, पुन्हा ओळख पटवा. पासवर्ड चुकला. नवीन पासवर्डसाठी पाठवलेला आकडा त्याच्या जुन्या ई-मेल पत्त्यावर गेला. शेवटी फोनने नवऱ्याला नऊ चित्रं दाखवली आणि विचारलं, यांतल्या कोणत्या चित्रांत जिना आहे?

“एका चित्रात अर्धाच जिना आहे,” नवरा रडकुंडीला येऊन म्हणाला. “तो धरायचा का?”

“फोन ठेव,” ती म्हणाली.

कोपऱ्यावर चाव्या बनवणारा बसायचा. ती अनवाणीच खाली गेली आणि त्याला घेऊन आली. पन्नाशीचा, तोंडात खिळा धरून बोलणारा माणूस. त्याने कुलपाभोवती हात फिरवला आणि तिच्याकडे वळला.

“भोक कुठाय?”

“भोक नाहीये त्याला.”

“मग हे कुलूप कशाला म्हणायचं?” तो म्हणाला. वाकून त्याने चौकटीच्या कडेची पट्टी पाहिली, पेचकस काढला, चार स्क्रू फिरवले, पट्टी बाजूला ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी काच थोडी वर उचलून दार सरळ चौकटीतून बाहेर काढलं. चार मिनिटंही लागली नाहीत. हिरवा दिवा त्याच्या हातातसुद्धा पेटलेलाच होता. “चोराला आतून असं उघडता येईल,” तो म्हणाला, “पण तो आत येऊन मग बाहेर का जाईल, ते मला माहीत नाही.”

सासूबाई आत आल्या, पाणी प्यायल्या, दोन घोटांनंतर थांबल्या, पुन्हा प्यायल्या. सुनेने त्यांचे पाय पाण्यात ठेवले, कपाळावर गार फडकं ठेवलं. वरच्याच मजल्यावर एक डॉक्टर बाई राहायच्या. त्या येऊन तपासून गेल्या, म्हणाल्या, ऊन लागलंय, दोन दिवस विश्रांती, घाबरायचं कारण नाही. सासूबाई पडून राहिल्या. पुस्तिका त्यांच्या उशाशीच होती.

नवरा संध्याकाळी आला तो बोलतच आला. “आई, मी तुला म्हटलं होतं ना, एकदा दाबून सोडायचं? तू दाबून धरलंस. तुम्हा लोकांना असं वाटतं की जोरात दाबलं म्हणजे—”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

“त्यांनी जे लिहिलं होतं तेच केलं,” ती म्हणाली. “चुकीचं मी लिहिलं होतं.”

तिने सगळं सांगितलं. किटलीचं, ‘मान्य’च्या कळीचं, कपावरच्या डाव्या हाताचं. नवऱ्याने ऐकलं, आणि त्याला हसू आलं. वाईट हेतूने नाही. सुटका झाल्यासारखं.

“एवढंच ना? अगं, ते कोणीच वाचत नाही. आईच एक वाचते. जाऊ दे.”

हेच ती एकोणीस वर्षं म्हणत आली होती. त्याच्या तोंडून ते तिला किळसवाणं वाटलं. तिच्या स्वतःच्या तोंडून ते कसं वाटत असेल, याचा विचार करायची आता काही गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला लिहिलं. उत्तर तीन सेकंदांत आलं : ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ तिसऱ्या दिवशी ती स्वतःच गेली. प्रकल्पप्रमुखाने तिच्या कपाळाकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

“कोणाला इजा झाली का?”

“माझ्या सासूबाई जवळजवळ तीन तास उन्हात होत्या.”

“म्हणजे कायमची इजा नाही.” तिने काहीतरी टिपलं. “आणि तसंही पुढच्या खेपेपासून आपण पुस्तिका छापणार नाही. खोक्यावर एक चौकोन असेल. तो फोनने बघायचा, की चलचित्र सुरू.”

“आणि गॅलरीत अडकलेल्या माणसाकडे फोन नसेल तर?”

“हो, तोही एक मुद्दा आहे,” प्रकल्पप्रमुख म्हणाली आणि तेही टिपून घेतलं.

ती उठली. दारापाशी येऊन मागे वळून म्हणाली, “ज्या पुस्तिका आधीच खोक्यांत आहेत, त्यांचं काय?”

“त्या विकल्या गेल्या आहेत,” प्रकल्पप्रमुख म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. स्कूटरवरून घरी येताना तिने मनातल्या मनात त्या मुलीला, तिच्या कानातल्या बोंडाला, त्या बिनखिडकीच्या खोलीला एवढी दूषणं दिली की सिग्नल कधी हिरवा झाला ते कळलंच नाही आणि मागच्याने हॉर्न मारला.

तिने नोकरी सोडली नाही. सोडून करणार काय, हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे, सहायकाला एकट्याला मोकळं सोडायला आता तिचा जीव होईना. आकडा लाल झाला. निरोप आला, ‘सगळं ठीक ना?’ तिने उत्तर दिलं, ‘नाही.’ त्यावर कोणाचं काही आलं नाही. कारण ‘नाही’ हे उत्तर येऊ शकतं, असं तिथे कोणी धरलेलंच नसावं.

सासूबाई आठवड्याने उठून हिंडायला लागल्या. एका दुपारी सून त्यांच्या खोलीत गेली. हातात चार छापील पानं होती आणि एक छोटं खोकं. ताप मोजायचं नवीन यंत्र, कपाळासमोर धरायचं. कंपनीकडून तिने नमुना मागून घेतला होता. मागताना तिला तीन वेळा विचारण्यात आलं होतं की भाषांतराला वस्तू कशाला लागते.

“आई, हे जरा वाचाल?” ती म्हणाली. “अजून पाठवलं नाहीये.”

सासूबाईंनी भिंग काढलं. त्या माफ करतील, पाठीवरून हात फिरवतील, असं तिला कुठेतरी वाटत होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. पहिलंच पान वाचून त्या थांबल्या.

“‘यंत्र कपाळासमोर योग्य अंतरावर धरा.’ योग्य म्हणजे किती?”

“मूळमध्ये तसंच आहे.”

“मूळ लिहिणारा इथे येणार आहे का माझा ताप बघायला?” सासूबाई एक्सचेंजमधल्या आवाजात म्हणाल्या. “एक्सचेंजमध्ये आम्ही योग्य वेळ थांबा असं कोणाला सांगत नव्हतो. तीन घंट्या, असं सांगायचो. आणि हे काय? ‘हलकेच दाबा.’ हलकेच म्हणजे? तू दाबून पाहिलंस?”

एकोणीस वर्षांत शेकडो वस्तूंवर तिने हजारो वाक्यं लिहिली होती, आणि त्यांतली एकही वस्तू तिने स्वतःच्या हातात धरून चालवून पाहिली नव्हती. नवऱ्याने आणलेल्याही नाहीत. तिला ते कमीपणाचं वाटायचं.

“नाही,” ती म्हणाली.

“मग दाब.”

तिने खोकं उघडलं. यंत्र हातात घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. सासूबाईंनी चष्मा काढला, पदर बाजूला घ्यावा तसे कपाळावरचे केस मागे सारले आणि डोळे मिटून वाट बघत बसल्या. सुनेने यंत्र त्यांच्या कपाळासमोर धरलं, थोडं मागे घेतलं, मग दुसऱ्या हाताची बोटं मध्ये धरून अंतर मोजलं.

“तीन बोटं,” ती म्हणाली.

“लिही,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “आणि मग दाब.”